ब्रिजटाऊनसाठी घेतलेली बॅग

मित्रांनो, मी एक जुनी, निळी प्रवासी बॅग आहे. माझं एक चाक किरकिरतं आणि एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली आहे. मुक्काम इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या एका घरात, जिन्याखालच्या कपाटात. तक्रार नाही, जागा कोरडी आहे.

मला डॉक्टर नीनाताईंनी २००१ साली विकत घेतलं. त्यांच्याबरोबर एकाच वॉर्डात अठरा वर्षं काम केलेल्या सिस्टर ग्लोरियाबाई त्या महिन्यात निवृत्त होऊन आपल्या गावी परतल्या. त्यांचं गाव म्हणजे बार्बाडोस बेटावरचं ब्रिजटाऊन. नीनाताई पुण्याहून नव्यानं आल्या, तेव्हा इथली थंडी आणि वरिष्ठ डॉक्टरांचे स्वभाव त्यांना ग्लोरियाबाईंनीच समजावून दिले होते. निरोपाच्या दिवशी बाई म्हणाल्या, "माझं गाव मी तुला स्वतः चालत फिरून दाखवणार. ये." पुढच्याच शनिवारी माझी खरेदी झाली.

तयारी झकास होती. लायब्ररीतून पुस्तकं आली. जुनं बंदर, त्यावरचा पूल, पार्लमेंटचा घड्याळाचा मनोरा, साडेतीनशे वर्षांपूर्वी स्थापन झालेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ अशी यादी फ्रिजवर लागली. ताईंचे यजमान पुरुषोत्तमराव, तेही डॉक्टर, गॅटविकहून सुटणाऱ्या विमानांच्या वेळा काढून बसायचे.

आणि मग पुण्याहून फोन यायचा. २००२ साली सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन निघालं. पुढच्या वर्षी पुतणीचं लग्न. २००४ मध्ये सवड होती, पण सुट्टी ऑगस्टातच मिळत होती आणि तेव्हा तिकडे वादळांचा मोसम. त्यानंतर एक मुंज, मग एक वास्तुशांत. वर्षाची रजा ती केवढीशी! ती पुण्यालाच संपायची. मी जाताना चॉकलेटं आणि शांपूच्या बाटल्या न्यायचे, येताना भाजणी आणि गोडा मसाला आणायचे. तेवीस किलोच्या खाली मला कुणी कधी भरलं नाही. "केवढं मावतं हिच्यात!" असं कौतुक मात्र दरवेळी व्हायचं.

"मम्मी, तुझा बॅग परत पुण्याला चालला?" लेक अक्षया विचारायची. तिचं मराठी इथलंच.

"पुढच्या वर्षी नक्की ब्रिजटाऊन," ताई म्हणायच्या. मी ऐकून सोडून द्यायचे.

२००८ च्या एप्रिलमध्ये मी पुन्हा अर्धी भरून पलंगावर पडले होते. मे महिन्यात भाच्याचा साखरपुडा होता. त्या दिवशी ग्लोरियाबाईंचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, 'गुडघे फार दुखतात. अजून काठी घेऊन पुलापर्यंत चालत जाते. पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही.' ताईंनी ते उभ्यानंच दोनदा वाचलं. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून नणंद सुलक्षणाताई बोलत होत्या.

"वन्सं, या वेळी मी येत नाहीये," ताई म्हणाल्या. "माझी ॲन्युअल लीव्ह फक्त बारा दिवस उरलीय. मी ब्रिजटाऊनला जातेय."

"अगं, घरचं कार्य सोडून फिरायला?" पलीकडचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

"हो वन्सं. फिरायलाच."

फोन ठेवून ताई वळल्या. दारात पुरुषोत्तमराव उभे होते.

"अहो, तुम्ही रागावलात?"

"सुलक्षणाताईला मी सांभाळतो. साखरपुड्याला मी जाऊन येईन. तू आधी ही बॅग रिकामी कर."

चॉकलेटं बाहेर आली. चार सुती कपडे आणि चालायचे बूट आत गेले. गॅटविकला माझं वजन नऊ किलो भरलं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "एवढंच?"

ब्रिजटाऊनच्या विमानतळावर ग्लोरियाबाई काठी टेकत उभ्या होत्या. त्यांनी आधी ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढीशी बॅग भरायला सात वर्षं लागली तुला?"

ताईंना हसू आणि रडू एकदमच आलं. मी बॅग आहे, मला भरून येण्याची सवय आहे, पण असं नाही. दुसऱ्या दिवशी दोघी पुलावर गेल्या. तेवढ्या अंतरात बाई चारदा थांबल्या.

मित्रांनो, आम्हाला जरूर जपा, चाकांना तेल घाला. पण जिथे जायचं म्हणून आम्हाला घेता, तिथे एकदा तरी न्या. आणि तिथल्या माणसाचे पाय चालताहेत तोवर न्या.