चार फूट, पण कुठून?

“कान लावा. अगदी खालच्या थराला,” अल्मा म्हणाली.

व्हर्नन टकेट गुडघ्यांवर बसला. गावच्या नगरपालिकेत बांधकामं तपासता तपासता त्याची एकोणतीस वर्षं गेली होती. कुंपणं, माती अडवणाऱ्या भिंती आणि त्यांवरून एकमेकांच्या उरावर बसणारे शेजारी. पण भिंतीला कान लावायची वेळ आजवर कुणी आणली नव्हती.

टक्. टक् टक्.

“मागे पाणी साचलंय,” तो म्हणाला. “झिरपायला भोकंच ठेवली नाहीत तुमच्या हॉलिसनं.”

“दोन महिन्यांत थेंब नाही पडला. कसलं पाणी घेऊन बसलात?”

खरंच, दगड कोरडे ठणठणीत होते. भर उन्हात व्हर्ननच्या अंगावर काटा आला.

“शेवटचा थर लावला आणि इथंच कोसळला माझा नवरा. तेव्हापासून रोज दुपारी हे असं. पाडायला लावू नका हो. एवढंच मागं राहिलंय त्याचं.”

 पायथ्याची माती उकरून व्हर्ननने टेप आत सोडली. गवताच्या वर बरोबर चार फूट, बोटभरही जास्त नाही. गवताच्या खाली आणखी चौदा इंच. भिंतीचं पोट पुढे आलं होतं, आणि खालच्या रस्त्यावर रोज सकाळी पोरं शाळेच्या बसची वाट बघत उभी राहत.

“गवतापासून नाही मोजत, अल्मा. पायाच्या तळापासून मोजतात. चार फुटांच्या वर गेली की परवाना लागतो. मग इंजिनिअर येतो, भोकं ठेवायला लावतो.”

“मग सांगायचं ना कुणीतरी त्याला! नगरपालिकेच्या खिडकीवर जाऊन विचारून आला होता तो.”

व्हर्ननला ती दुपार लख्ख आठवली. तोंडात सँडविचचा घास होता. बिनपरवाना भिंत किती उंच चालेल, असं हॉलिसने विचारलं आणि याने चार बोटं दाखवली. कुठून मोजायचं, ते सांगायला घास गिळावा लागला असता.

“खिडकीवर मीच होतो,” तो म्हणाला. लाजेने त्याची मान वर होईना.

 त्याने पाडकामाची लाल नोटीस काढली, दगडावर चिकटवली आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचली: तीस दिवसांत भिंत उतरवावी.

टकटक थांबली.

अल्माने दगडांवर तळहात ठेवला. 

“ऐकलं बघा त्यानं तुमचं,” ती म्हणाली. “तेव्हाही ऐकलंच होतं.”