लहानूची म्हैस

तानबानं गोठ्याचं दार आतून लावलं, कडी एकदा ओढून पाहिली आणि मगच खुंटीवरचं लुगडं डोक्यावरून घेतलं. पदर पुढं ओढला. मिशा झाकल्या गेल्या की नाही ते बघायला आरसा नव्हता, पण चंद्रीची मिशांना हरकत नव्हती. तिला लुगडं लागे.

"चाल वं माय, सोड," तो बारीक आवाज काढून म्हणाला. त्याची बायको रुखमा असंच म्हणायची.

म्हशीनं मान वळवून लुगड्याचा वास घेतला, कान पाडले आणि पान्हा सोडला.

चंद्रीचं पारडू लहानपणीच मेलं. तेव्हापासून ती रुखमाच्या हातालाच दूध द्यायची. पावसाळ्यात रुखमाही गेली, आणि म्हशीनं तानबाला एक थेंब दिला नाही. त्यानं सरकी घातली, ढेप घातली, शिव्या घातल्या, हात जोडले. शेवटी शेजारची देवकाबाई कुंपणावरून म्हणाली, "तिचं लुगडं घ्या डोक्यावरून. न धुतलेलं. मी नाई कोणाले सांगत." देवकाबाईच्या पोटात आजवर कुठलीच गोष्ट राहिली नव्हती. ही राहिली.

चरवी अर्धी झाली असेल, तेवढ्यात अंगणात पावलं वाजली.

"तानबा! हायेस का गा घरी?"

आवाज सदाशिवरावांचा होता. ते रोहण्याच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष. स्वतः कधी मैदानात उतरले नव्हते, पण रेघेबाहेर उभं राहून त्यांच्याइतका घाम कोणी गाळत नसे.

"गोठ्यात हाय. येतोच बाहीर."

"तू कायले येतं? आमीच येतो. म्हैसच पाह्याची हाये." कडी हलली. "दार काऊन लावलं बे?"

"बुजते ते. नवीन माणूस पाह्यलं का बुजते."

"मंग अठूनच सांगतो. नाचणगावचे पोट्टे दर साली आपल्याले मातीत लोळवून राह्यले. औंदा आपण कारंज्याचा लहानू आणतो."

लहानूचं नाव तानबानं ऐकलं होतं. कारंज्याच्या हमरस्त्यावर तो ट्रकांत माल भरायचा. ज्या गावानं बोली केली त्या गावाकडून खेळायचा. त्याला धरून ठेवणारा गडी जिल्ह्यात नाही, असं म्हणत.

"पैशाची बोली तो करत नाई," सदाशिवराव दाराबाहेरून सांगत होते. "म्हनते, गावं जिकल्यावर पैशे इसरते. त्याले सामना होयेवरी एका म्हशीचं पुरं दूध पाह्यजे. अन् जिकलो का तेच म्हैस."

"एका माणसाले म्हैस!" मागून पुनाजी ओरडला. तो रोहण्याच्या संघाचा कप्तान. "बाकीचे आमी का मैदानातलं शेण उचलाले उतरतो? आमाले गूळ-फुटाणे, अन् त्याले म्हैस?"

"इतके सालं गूळ-फुटाणेच खाल्ले ना तुमी? जिकले काय?"

"म्हैस जिकून देते काय मंग?"

"तू चूप बस. तानबा, गावात तुया म्हशीवानी दूध कोणाचीच देत नाई. तू एकटा माणूस, तुले काय कराचं दूध? गाव वर्गणी करून किंमत देते तुले. बोल. का येऊ आत, समोरासमोर बोलू?"

कडी पुन्हा वाजली. या वेळी जोरात.

तानबानं लुगडं काढायला हात वर नेला, तर ते मानेजवळ गुंतलं होतं. एक वाक्य बोललं की म्हैस वाचणार होती. बायकोचं लुगडं पांघरल्याशिवाय ही दूध देत नाही, एवढंच. हे ऐकून कोणत्याही गावानं तिच्यावर बोली केली नसती. पण ते वाक्य पुनाजीच्या कानावर घालायचं म्हणजे पारावर नेऊन ठेवायचं.

"घ्या," तो आतून म्हणाला. "म्हैस घ्या. पण आत नका येऊ."

"पाह्य रे पुनाजी," सदाशिवरावांचा आवाज भरून आला. "याले म्हनते गावाची कळकळ."

लहानू आला तो दारातून आडवा होऊन आत शिरला. एवढ्या देहाला हे नाव कोणी ठेवलं, असं तानबानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ठेवलं तवा लहानच होतो, काकाजी."

दूध तिथं, म्हणून त्याला तानबाच्या घरीच उतरवलं. पहिल्या दिवशी त्यानं तानबाची भाकर हातात धरून उजेडात पाहिली. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः भाकरी थापू लागला. ढाब्यावर शिकला होता. चरवी तोंडाला लावली की खाली ठेवेपर्यंत श्वास घेत नसे. पाहायला आलेली माणसं म्हणत, दम आहे. पुनाजी म्हणे, दम कसला, भूक आहे.

पारावर दुसरा विषय उरला नव्हता. एक माणूस म्हशीच्या तोलाचा असतो का? कोणी म्हणे, बैलजोडी मागितली असती तरी द्यायला हवी होती. कोणी म्हणे, एवढ्या दुधात अख्खा संघ धष्टपुष्ट झाला असता. लहानू हे सगळं ऐके आणि तानबाला घरी येऊन सांगे. त्याला सगळंच सांगायची सवय होती. ट्रकवाल्यांच्या गोष्टी, कारंज्याच्या भांडणांच्या गोष्टी. झोपला की घोरत असे, तेही पडवीतून चुलीपर्यंत ऐकू येईल असं. पहिले काही दिवस तानबा त्या आवाजावर चिडला. मग एका रात्री लहानू संघातल्या गड्यांबरोबर आर्वीला राहिला, तर तानबाला झोप येईना.

"काकाजी, एक खेप मी पिळू काय?" लहानूनं एकदा विचारलं.

"बुजते ते."

"मी तिचंच दूध पेतो, मले काऊन बुजते?"

"म्हूनच बुजत असन."

सामना जवळ आला तसा तानबाचा जीव म्हशीत अडकू लागला. सगळं रोहणं जिंकायला निघालं होतं आणि त्याला एकट्याला हार पाहिजे होती. एका सकाळी त्यानं चरवीत ओतायला पाण्याचा लोटा उचलला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. रुखमानं कधी दुधात पाणी घातलं नव्हतं. त्यानं ते पाणी म्हशीच्या घमेल्यात ओतलं आणि चरवी लहानूला नेऊन दिली.

नाचणगावला सामन्याला बैलांच्या बंड्याच बंड्या गेल्या. तानबाही गेला.

नाचणगावच्या पोरांनी लहानूचा चांगला विचार करून ठेवला होता. तो चढाईला आला की सगळेच्या सगळे त्याच्या अंगावर पडत. लहानू त्यांना ओढत मधल्या रेघेपर्यंत आणी, आणि हातभर अलीकडं त्याचा दम तुटे. बाद. जरा वेळानं तो परत आत येई, परत तेच. सदाशिवराव धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत होते. तानबाच्या शेजारी बसलेला एक म्हातारा म्हणाला, "म्हशीनं याच्याहून जास्त ओढलं असतं." तानबाला बरं वाटलं.

पण दर वेळी लहानूखालून उठताना नाचणगावचा एखादा गडी लंगडू लागला. कोणाचा गुडघा, कोणाचं मनगट. आणि प्रत्येक वेळी लहानूच्या पाठोपाठ पुनाजी चढाईला जाई. तो रागानं खेळत होता. गूळ-फुटाण्यांचा सगळा राग त्यानं त्या दिवशी काढला. लंगडणारे त्याच्यापुढून पळू शकत नव्हते. शेवटच्या चढाईत त्यानं दोघांना हात लावला आणि रोहणं एका गुणानं जिंकलं.

परतीच्या वाटेवर बंड्यांतून भांडण सुरू झालं ते गाव आलं तरी संपलं नाही.

"गुण मी आणले!" पुनाजी म्हणाला. "लहानूनं काय केलं? पडला!"

"तो पडला म्हून ते लंगडे झाले ना बावा," सदाशिवराव म्हणाले.

"म्हंजे पडाले म्हैस? मी फुकटात पडलो असतो!"

"तुया खाली लंगडं व्हाले तुयात वजन पाह्यजे."

पुनाजी तानबाच्या बंडीत येऊन बसला आणि त्याच्या कानाशी लागला. "काकाजी, म्हैस देऊ नका. तुमी नाई म्हना, मी पाठीशी हाय."

तानबानं बैलांकडं पाहिलं. "बोली झाली," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लहानूच्या ओळखीचा एक ट्रक रस्त्याला येऊन थांबला. चंद्रीच्या शिंगांना झेंडूची माळ घातली होती. जनावर देताना दावं घेणाऱ्याच्या हातात ठेवायचं आणि काही खोड असेल तर बोलून दाखवायची, अशी रीत. लहानूनं हात पुढं केला आणि विचारलं, "काकाजी, खोड?"

देवकाबाई कुंपणापाशी उभी होती. ती खोकली.

"लात मारत नाई," तानबा म्हणाला. "शिंग उगारत नाई. दावं तोडत नाई."

हे सगळं खरं होतं.

संध्याकाळी तो गोठ्यात गेला आणि सवयीनं कडी लावून घेतली. आत काही नव्हतं. खुंटीवर लुगडं होतं. तो कडी काढून बाहेर आला. वर्गणीचं नाव गावात कोणी काढलं नाही. सदाशिवराव त्या गल्लीनं यायचे बंद झाले. तानबा स्वतःची भाकर उजेडात धरून पाही आणि खाई.

मग एके दिवशी लहानू परत आला तो दिवेलागणीला. ट्रक नव्हता. म्हैस दाव्याला धरून तो कारंज्याहून चालत आला होता. चंद्रीच्या शिंगावर माळेचा नुसता दोरा उरला होता. लहानूचेही गाल बसले होते.

"काकाजी, हे दूधच देत नाई," तो अंगणात बसत म्हणाला. "थोडंसं सोडते अन् अटकवते. ढोराच्या डाक्टरले दाखवलं. सरकी घातली, ढेप घातली. परवा हात जोडले."

"शिव्या?"

"त्या पयलेच घातल्या."

तानबानं म्हशीच्या सडांना हात लावून पाहिला. कास तटतटली होती. तिनं पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. तिला दुखत होतं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. त्यानं चरवी घेतली, म्हैस गोठ्यात बांधली आणि खुंटीवरचं लुगडं काढून डोक्यावरून घेतलं. दार उघडंच राहिलं.

"चाल वं माय, सोड."

चरवीच्या बुडावर धार वाजली. लहानू दारात उभा राहून पाहत होता. तानबानं मान वर केली नाही. हसण्याचा आवाज कधी येतो याची तो वाट पाहत होता. तो आला नाही.

"मले काऊन नाई सांगतलं?" लहानू म्हणाला.

"तू खोड इचारली. हे का खोड हाये?"

लहानूनं विचार केला. "नाई," तो म्हणाला. मग म्हणाला, "मंग हे लुगडं मले द्या."

"लुगडं बोलीत नव्हतं."

चरवी भरत आली. फेस काठावर चढला. लहानू आत येऊन शेजारी उकिडवा बसला. लुगडं खांद्यावर दोनदा शिवलेलं होतं. टाके मोठे आणि वाकडे होते. त्यानं तिकडं बोट दाखवलं.

"अन् हे फाटलं मंग?"

तानबाचे हात थांबले नाहीत. "तवा पाहू," तो म्हणाला.

लहानू उठला. गोठ्यातला खुंटा सैल झाला होता. त्यानं दगड शोधून आणला आणि चार घाव घालून तो पक्का केला. मग हातपाय धुऊन भाकरी थापायला बसला.

म्हैस परत आल्याचं सकाळीच गावभर झालं. वर्गणी टळली म्हणून सदाशिवराव सामन्यानंतर पहिल्यांदाच तानबाच्या गल्लीत शिरले. सोबत पुनाजी होता. तानबा ओट्यावर बसून टोपी झटकत होता.

"मी म्हटलोच होतो," सदाशिवराव म्हणाले. "म्हैस अठी, तं गडी अठी. आता फुडच्या साली नवी म्हैस द्याची गरज नाई."

"म्हंजे औंदाचीच दोनदा दिली," पुनाजी म्हणाला. "आमचे फुटाणे तेवढे वाढवा."

"कुठी हाये तो लहानू?"

तानबानं गोठ्याकडं हात केला. सदाशिवराव गेले आणि त्यांनी कडी हलवली. दार आतून लावलेलं होतं.

"दार काऊन लावलं बे?"

आत काहीतरी जड धडपडलं.

"येऊ नका," लहानूचा आवाज आला. "बुजते ते."

मग त्या जाड गळ्यातून मोठ्या कष्टानं काढलेला एक बारीक आवाज ऐकू आला. पुनाजीनं कान पुढं केला. त्याच वेळी आत कापड फाटलं. चांगलं लांबपर्यंत फाटलं.

"काकाजी..." लहानू आतून हळूच म्हणाला.

तानबानं टोपीच्या आत खोचलेली सुई काढली, दोरा ओठांत ओला केला आणि सुई उजेडाकडं धरली.

"पयले दूध काढून घे," तो म्हणाला.