बसच्या वेळापत्रकाचा फळा

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. कारखान्यातून निघालो तो थेट एका सॉफ्टवेअर कंपनीच्या भिंतीवर चढलो. तिथे तेव्हा दोघेच प्रोग्रामर होते. शहरातल्या बसचे वेळापत्रक संगणकाने आखायचे काम त्यांनी हाती घेतले होते. काय दिवस होते ते! दोघे माझ्यावर चौकोन काढत, बाण जोडत, कडाकडा भांडत, आणि गणित सुटले की एकमेकांना टाळी देत.

पुढे त्यांतला एक परगावी गेला. दुसऱ्याचे केस पिकले आणि सगळे त्यांना ‘काका’ म्हणू लागले. नवी मंडळी आली. ती एआयच्या यंत्राला विचारून घटकाभरात प्रोग्राम उभा करत. काका माझ्यापाशी येऊन पुटपुटत, “आम्ही रक्त आटवलं. यांना सगळं आयतं. उद्या आपल्याला कोण विचारणार?”

अशात एक चाळिशीच्या बाई नोकरीला लागल्या. आधी पंधरा वर्षे बसमध्ये कंडक्टर. प्रोग्रामिंग घरीच शिकलेल्या. काकांनी कपाळाला हात लावला. “कालपर्यंत तिकिटं फाडली, आता कोड लिहिणार!”

आठवड्याभरात बाई काकांचाच जुना प्रोग्राम घेऊन आल्या. “काका, शेवटच्या थांब्यावर गाडी तीनच मिनिटं का थांबते?”

“वेळ वाचतो. वीस वर्षं बिनबोभाट चाललंय.”

“बिनबोभाट कसलं? तीन मिनिटांत ड्रायव्हरनं पाणी प्यायचं की लघवीला जायचं? मी पंधरा वर्षं तहान मारून काढली, काका. पाणी प्यायलं की पंचाईत.”

काकांचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. तो आकडा त्यांनी माझ्यावरच लिहिला होता, मोठ्या ऐटीत.

“मला हे कुणी सांगितलंच नाही हो,” ते हळूच म्हणाले.

“सांगणार कुठे? ड्रायव्हर कधी इथवर येतात का?”

काकांनी मार्कर बाईंच्या हातात दिला. “लिहा. पहिल्यापासून मांडू.”

चार दिवस त्यांनी मला उसंत दिली नाही. कोड अडला की काका समजावत, रस्ता अडला की बाई. कितीतरी वर्षांनी माझ्यासमोर पुन्हा मनासारखे भांडण झाले! शेवटी दहा मिनिटांचा थांबा ठरला.

आता काका निवृत्त झालेत. भिंतीवर मोठा पडदा आला आणि मी जिन्याखाली गंजत उभा आहे. मित्रांनो, तुमच्याकडे असा फळा असेल, तर त्याला मऊ फडक्याने पुसा, खसाखसा घासू नका. आणि पुसण्याआधी लिहिणाऱ्याला एकदा विचारा, हे का लिहिले होते.