उलट्या आट्यांचा देश

धाकटीला जन्मभर एकच प्रश्न विचारला गेला, की तू उलटेसाहेबांची नात ना? ती हो म्हणाली की समोरचा हसणारच. शाळेत हसायचे, कॉलेजात हसायचे. उद्योग मंत्रालयात नोकरीला लागली, तर पहिल्या दिवशी दारावरचा शिपाईसुद्धा गालातल्या गालात हसला.

कारण तिचे आजोबा म्हणजे त्या देशाचे पहिले उद्योगमंत्री, आणि त्यांनी काय केलं होतं माहितीये? अख्ख्या देशाचे आटे उलटे केले होते. स्क्रू, नट, बोल्ट, नळाचे पाईप, बरण्यांची झाकणं, सगळं. बाकी जगात झाकण उजवीकडे फिरवलं की लागतं, तिथे डावीकडे फिरवायचं. पाहुणा आला की त्याच्या हातात बरणी द्यायची आणि त्याची झटापट बघत बसायचं, हा तिथला घरोघरचा लाडका खेळ.

हे असं का, तर ऐका. नदीच्या अलीकडचा देश आणि पलीकडचा देश आधी एकच होते. मग भावाभावांत होतं तसं झालं, वाटणी झाली. कारखाने आणि बंदर गेलं पलीकडच्यांकडे. अलीकडच्यांना मिळाले डोंगर, झरे आणि एक म्हातारं लेथ मशीन. पहिल्याच वर्षी कशावरून तरी बिनसलं, पलीकडच्यांनी पूल बंद केला, आणि अलीकडे एकेक गोष्ट बसत गेली. पिठाची गिरणी अडली, का तर एक नट नाही. इस्पितळाचा पंप अडला, बोल्ट नाही. पुढे पूल उघडला तेव्हा लोक पिशव्या घेऊन पलीकडे पळाले, नट-बोल्ट आणायला. आजोबांनी ते बघितलं आणि त्याच आठवड्यात हुकूम काढला, की यापुढे देशात आटे उलटेच चालतील. पलीकडचा एक स्क्रू इथे बसता कामा नये.

लोक म्हणाले, हे म्हणजे आपलंच नाक कापून शेजाऱ्याला अपशकुन. पण बसत नाही म्हटल्यावर करणार काय? बनवावा लागला. त्या म्हाताऱ्या लेथवर दुसरं लेथ बनलं, दुसऱ्यावर तिसरं. ज्यांनी कधी पाना हातात धरला नव्हता त्या मावश्या, काकू, पोरीबाळी आटे पाडायला शिकल्या, आणि अशा शिकल्या की बोटाने चाचपून माप सांगायच्या. आणि गंमत बघा, जगात काही ठिकाणी आटे उलटेच लागतात. सायकलच्या डाव्या पायडलला लागतात, फिरत्या यंत्रांना लागतात. तो माल घ्यायचा तर कुणाकडून? यांच्याकडूनच. नाकापेक्षा मोती जड म्हणून ज्याला हसले, त्याच मोत्यावर देशाची चूल पेटायला लागली.

पण माल जगात पाठवायला बंदर पाहिजे, ते पलीकडे. आणि पलीकडे दोन वर्षं पाऊस रुसलेला, पाणी अलीकडे. शेवटी दोन्ही सरकारं टेबलाशी बसली. तुम्ही पाणी द्या, आम्ही बंदर देतो. सगळं सुतासारखं सरळ झालं, आणि घोडं अडलं कुठे, तर पुलाच्या मध्यावर. अलीकडून येणाऱ्या पाईपला उलटे आटे, पलीकडच्या पाईपला सुलटे. जोडायचे कसे?

कुणी म्हणालं वेल्डिंग करा. पण वेल्डिंग म्हणजे जन्माची गाठ, आणि दोन्ही सरकारांना घटस्फोटाची सोय हवी होती. कुणी म्हणालं बोल्ट लावून जोडा, तर बोल्ट कुणाचे, यावर दोन दिवस गेले. शेवटी अलीकडच्या सचिवसाहेबांनीच हात टेकले. बंदराशिवाय कारखाने किती तग धरणार? त्यांनी ठरवलं, सगळा देशच हळूहळू सुलट्या आट्यांवर आणायचा. म्हणजे हजारो लेथ पुन्हा बदलायची, आणि उलटे आटे ही चूक होती हे सरकारी शिक्क्यानिशी जाहीर करायचं. तांत्रिक भागावर सही कुणाची? शिष्टमंडळातल्या सगळ्यात लहान इंजिनिअरची. म्हणजे आपल्या धाकटीची. आजोबा जिवंत असताना, त्यांच्याच नातीची.

सहीच्या दिवशी सकाळी ती तयार होऊन बाहेर आली, तर आजोबा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ओल्या चादरीशी झुंजत होते. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं होतं, ते भडकतील. ते चादर पिळत राहिले.

"मला उलटं काही नको होतं गं," ते म्हणाले. "मला शिकलेली माणसं हवी होती. उलटं हे निमित्त. आता ती शिकलीयेत, आटे सरळ कर नाहीतर तिरके कर."

"मग सही करू?"

"कर ना. आधी ती तार ताण, चादर जमिनीला टेकतेय."

आता ती तार कशी होती ते सांगतो. गॅलरीत कपड्यांची तार दोन तुकड्यांत होती, आणि मधे वीतभर लांबीचा लोखंडी तुकडा. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक हूक आत स्क्रूसारखा बसवलेला. मधला तुकडा फिरवला की दोन्ही हूक आत ओढले जातात, तार ताठ. धाकटीने लहानपणापासून हजारदा फिरवला होता. त्या दिवशी फिरवला आणि हात तिथेच थांबला. एकच तुकडा, एकाच दिशेने फिरतोय, आणि दोन्ही हूक एकाच वेळी आत येतायत. हे होतं कसं? तर एका हुकाचे आटे उलटे होते, दुसऱ्याचे सुलटे. दोन्ही सारखे असते तर एक आत आला असता आणि दुसरा बाहेर गेला असता.

तिने आजोबांकडे बघितलं. आजोबांनी चादरीकडे बघितलं. त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. तिने हूक सोडवले, तो तुकडा हुकांसकट पर्समध्ये टाकला आणि जिन्याकडे पळाली. मागून आवाज आला, की अगं, आता चादर काय डोक्यावर वाळवू?

बैठकीत पलीकडच्या शिष्टमंडळाचे मुख्य इंजिनिअर नेहमीच्या जागी बसले होते. धाकटी त्यांना काका म्हणायची. तिच्या वडिलांच्या वयाचे, आणि टोमणे मारण्यात उस्ताद. त्या दिवशीही सुरुवात केलीच, की सही उजव्या हाताने करणार ना, का तीही उलटी?

धाकटीने पर्समधला तुकडा काढला, एक हूक काकांच्या हातात दिला, दुसरा स्वतः धरला, आणि सचिवसाहेबांना म्हणाली की मधला भाग फिरवा. सचिवसाहेब म्हणजे फाइलखेरीज कशाला हात न लावणारा माणूस, पण फिरवला. एक वेढा, दोन वेढे. टेबलाच्या दोन बाजूंनी दोघं पुढे ओढली जायला लागली. काका खुर्चीतून उठले, टेबलावर वाकले, आणि शेवटी दोघांची नाकं एकमेकांना लागायची तेवढी बाकी राहिली.

"तुमचे आटे आमच्यासारखे असते, तर हे जमलं नसतं," धाकटी म्हणाली.

काकांनी हूक सोडला नाही. तो तुकडा त्यांनी चष्मा वर करून बघितला, खाली करून बघितला. मग हळूच म्हणाले, "तुमचे आमच्यासारखे असते तरी नसतं."

झालं. पाईप जोडायला असाच सॉकेट करायचा, एका टोकाला यांचे आटे, दुसऱ्या टोकाला त्यांचे. कुणी काही बदलायचं नाही, आणि नकोसं झालं तर मधला सॉकेट उलट फिरवून मोकळं व्हायचं. घटस्फोटाची सोयही झाली.

पण सरकार म्हणजे सरकार. दुपारी दोन्ही राजधान्यांतून निरोप आले, की जोडणीच्या समारंभात सॉकेट आपल्या पद्धतीने फिरताना दिसला पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील आपण नमलो. आणि इथे तर भलतंच होतं. धाकटीच्या खुर्चीतून बघितलं तर तुकडा उजवीकडे फिरायचा, म्हणजे पलीकडच्यांच्या पद्धतीने. काकांच्या खुर्चीतून डावीकडे, म्हणजे अलीकडच्यांच्या. दोघांनाही आपण हरल्यासारखं दिसत होतं. सचिवसाहेबांनी कपाळाला हात लावला.

धाकटी उठली, टेबलाला वळसा घालून काकांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, इथून आमचं बरोबर दिसतंय. तुम्ही जरा माझ्या खुर्चीत बसून बघता का?"

काका उठले, जाऊन बसले, फिरवून बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, टोमणा न मारता, नुसते हसले.

म्हणून जोडणीच्या दिवशी काय झालं, तर अलीकडची माणसं सकाळपासून पूल ओलांडून पलीकडे जाऊन उभी, आणि पलीकडची सगळी अलीकडे. आपलं बरोबर फिरताना बघायचं तर दुसऱ्याच्या दारात उभं राहायला पाहिजे, मग करता काय? लेथवाल्या मावश्या डबे घेऊन निघाल्या होत्या, पोरं खांद्यावर होती. वाटणी झाल्यापासून एवढी माणसं त्या पुलावर कधी एकत्र आली नव्हती. पुलाच्या मध्यावर दोन्ही गर्दींची गाठ पडली, आणि जागा करून द्या, सरका, अहो ताई पिशवी सांभाळा, असं करत एकमेकांतून वाट काढत ती पुढे गेली.

आजोबा धाकटीचा हात धरून चालले. पूल बंद झाला त्या वर्षापासून त्यांनी पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. टाकलं, आणि म्हणाले, की जन्मभर या लोकांना पाणी पाजायचं म्हणत होतो, आज एकदाचं पाजतोय.

दोन्हीकडच्या फिटरांनी मिळून एकच मोठा पाना लावला. सॉकेट फिरला. आजोबांनी मान वाकडी करून बघितलं, डावीकडे फिरतोय, पाईप इंचाइंचाने एकमेकांकडे सरकतायत. थोड्या वेळाने पाणी पलीकडे धावलं त्याचा पाईपमधला आवाज आला. शेजारी उभ्या असलेल्या पलीकडच्या एका बाईंनी विचारलं, तुम्ही उलटेसाहेब का हो?

धाकटी वाट बघत राहिली, आता ही हसणार. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पाण्याने भरलेली बरणी पुढे केली, आणि आजोबांनी सवयीने झाकण उजवीकडे फिरवायला घेतलं. ते उघडेना.

"इकडे," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरून उलटा फिरवला.