फेट्याची गाठ

आबाजींनी डोक्याचा फेटा सोडला, त्याचे एक टोक छकुलीच्या कमरेभोवती आवळले आणि दुसरे घोडीच्या खोगिराला गाठ मारून पक्के केले. बारामतीबाहेरच्या त्या मैदानावर नातीच्या घोडेस्वारीचा आज पहिला दिवस होता.

शिकवणारी करुणा झपाट्याने आली व तिने लगाम धरला.

"गाठ सोडा. घोडी बुजली तर पोरीला बाजूला पडता आलं पाहिजे."

"ऐकलंस का गं?" आबाजी पत्नीला म्हणाले. "निरवांगीवरनं आपण हिला पडाय शिकवाय आणलीया."

ठमाबाई कुंपणापाशी छकुलीचे हेल्मेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

"बांधलेलं मूल मी घोडीवर ठेवणार नाही," करुणा म्हणाली. "सोडत नसाल तर उतरवा आणि घरी न्या."

"तू कवा घोडं पाळलंस? तुझ्या बापानं तरी? आमची हयात मेंढरांमागं गेली. बिऱ्हाड घोड्यावर, अन् बिऱ्हाडावर पोरं बांधलेली. नीरा वलांडली, भीमा वलांडली. एक पोरगं पडलं न्हाय."

"माझ्या बापाचं काढू नका, आबा."

"मग तू आमाला घोडं शिकवू नगंस."

घोडीने कान मागे पाडले. छकुलीने कमरेत बोटे घातली.

"आबा, लई आवळतंय."

आबाजींनी उत्तरादाखल गाठीला आणखी एक पीळ दिला.

तेव्हा ठमाबाई उठल्या. त्यांनी नातीच्या मस्तकावर हेल्मेट ठेवले, हनुवटीखालचा पट्टा सावकाश लावला आणि पतीकडे न पाहता त्या बोलल्या,

"म्हाळसा तरी कुठं पडली व्हती?"

आबाजींचा हात गाठीवरच राहिला.

"घोडं नीरंत आडवं झालं, तवाबी आपली लेक खोगिरावरच व्हती. तुमची गाठ पक्की व्हती."

छकुलीने विचारले, "म्हाळसा कोण?"

आबाजी गाठ सोडू लागले. ती सुटेना. करुणाने हात पुढे करताच त्यांनी तो कोपराने झिडकारला आणि वाकून गाठीला दात लावले. अखेर पीळ उलगडला.

करुणा घोडी रिंगणात घेऊन गेली.

ऊन चढले. फेटा आबाजींच्या मुठीत होता. तो त्यांनी पुन्हा डोक्याला बांधला नाही.