दुर्गाबाईच्या पशाचं कुंकू

कापसाला त्या साली असा काही भाव आला, की अमरावतीतल्या माळ्यांच्या घरचीही लग्नं थाटात होऊ लागली. पार्बताबाईंची लेक मनकर्णा अकोल्याला दिली होती. परवा लग्न, आणि नवऱ्या मुलाकडून गाड्यांची रांगच यायची होती. एवढ्या बायांना विकतचं कुंकू लावायचं? छे! घराचं नाकच कापलं गेलं असतं.

म्हणून ते काम पार्बताबाईंनी नव्या सुनेवर, दुर्गाबाईवर सोपवलं. ती हरखून गेली. पसाभर हळदीला एक पळी टाकणखार आणि दोन लिंबांचा रस, हे सासूचं माप तिला तोंडपाठ होतं. पण कालवून पाहते तर काय, परातीत नुसता नारिंगी रंग!

"फेकून दे वो," पार्बताबाईंचा चेहरा उतरला. "खारच जुना असन."

"थांबा, आत्याबाई."

दुर्गाबाईनं दोन वाट्यांत थोडं थोडं कुंकू घेतलं. एकीत हळद घातली. ते आणखी पिवळं पडलं. दुसरीत लिंबाच्या रसात विरघळवलेला खार टाकला, आणि ते लालभडक झालं!

"खार चांगला हाये. हयदच उपाशी राह्यली! तुमचा पसा दाखवा बरं."

दोघींनी ओंजळी शेजारी धरल्या. सुनेची जवळजवळ दीडपट! हळद वाढली होती, पळी मात्र तीच.

"माय वो! हात हायेत का सुपं?" सासू हसून हसून खाली बसली. मग तिनं लगबगीनं खार कालवायला पाण्याचा तांब्या उचलला.

"नोका ओतू! लगदा होईन, परवापर्यंत वायनार नाही. थोड्याच रसात जास्त खार विरघळवू."

ते दाट पाणी दुर्गाबाई शिंपडत गेली, मळत गेली. आणखी थेंब टाकूनही रंग बदलेना, तेव्हा थांबली. हळदीचा कण न् कण लाल झाला होता. घरात एवढं कुंकू आजवर कधी झालं नव्हतं.

लग्नात अकोल्याच्या विहीणबाई आरशात पुन्हापुन्हा कपाळ पाहू लागल्या. "आमालेही माप सांगा ना!"

पार्बताबाईंनी भर मांडवात सुनेचा हात वर धरला.

"माप सांगतो, इहीणबाई. पन हा हात नाही देनार."

दुर्गाबाई लाजली, आणि तिचे डोळे भरून आले.