अंगठ्याचा राजीनामा

सोमवारी सकाळी समाधानने फाटक उघडलं नाही. तो आमचा वॉचमन, माझ्याच बीड जिल्ह्याचा. गजांच्या आडून म्हणाला, "मावशे, माघारी जा. तुझं नाव काढलंय."

"कुणी?"

"शेठनं. तू राजीनामा दिलायस म्हणं."

"मी? कवा?"

"शनवारी. मला इचारू नको. तुला आत सोडलं तर उद्या मी बी तुझ्याशेजारी बाहीर आसंन."

डबा हातात होता. गाड्या आत वळतात त्या जागीच मी बसकण मारली.

महाळुंग्याच्या रस्त्याला आमचा कारखाना आहे. पत्र्याची शेड, आत पाच प्रेस, मागे पॅकिंगचं टेबल. मोटारीच्या दाराचे लहान पत्रे आम्ही करतो आणि ते तळेगावच्या एका मोठ्या कंपनीत जातात. त्या कंपनीची माणसं सोमवारी अकरा वाजता तपासणीला येणार होती. प्रत्येक कामगाराचं नेमणूकपत्र बघणार होती. बाकीच्यांची पत्रं निरंजनशेठने महिनाभरात करून घेतली. राहिलो आम्ही दोघी, मी आणि गोजाबाई. त्याच्या वडिलांनी, दौलतरावांनी, आम्हाला कामावर घेतलं होतं. आम्हाला पत्र द्यायचं तर त्यावर सोळा वर्षांपूर्वीची तारीख घालावी लागत होती, आणि सोळा वर्षं कबूल केली की मागचं सगळं देणं, फंड, ग्रॅच्युइटी, तेही कबूल करावं लागत होतं. म्हणून शनिवारी काम सुटताना तो म्हणाला, "घरी थांबा, पुढचं पुढं बघू." गोजाबाई मान हलवून गेली. मी म्हणाले, "लिहून दे." तेव्हा तो हसला होता.

अर्ध्या तासाने तो फाटकावर आला. मागे स्वरूपा मॅडम. त्या पिंपरीहून येतात आणि आमच्यासारख्या दहा-बारा कारखान्यांतल्या कामगारांचे कागद सांभाळतात.

"बाई, उठा इथनं," निरंजन म्हणाला. शनिवारपर्यंत मी मावशी होते.

"माझा राजीनामा दाव."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"न्हाई कळलं तर न्हाई. दाव."

मॅडमनी फाइल उघडून कागद गजांमागे धरला, हातात दिला नाही. छापील मजकूर होता. घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने काम सोडत आहे, माझी कोणतीही तक्रार नाही. खाली शनिवारची तारीख आणि निळा अंगठा.

अंगठा माझाच होता. आमच्याकडे कामाला लागताना चार कोऱ्या कागदांवर सही घेतात, सही येत नसेल त्याचा अंगठा. कागद कपाटात राहतात आणि माणूस नकोसा झाला की त्यावर मजकूर छापतात. हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. मीही सोळा वर्षांपूर्वी चार अंगठे देऊन बसले होते.

"पटलं?" निरंजन म्हणाला. "आता निघा. तमाशा नको, पाहुणे यायचेत."

"मॅडम," मी म्हणाले, "हजेरीचं बुक आणा."

"ते कशाला?"

"शनवारचं पान काढा. माझ्या नावापुढं काय हाय ते बघा."

"ए बाई, नाटकं बंद कर!" निरंजन ओरडला. पण मॅडम आत गेल्या. परत आल्या तेव्हा बुक उघडं होतं आणि तोंड उतरलं होतं.

चार वर्षांपूर्वी खराबवाडीच्या समाजमंदिरात गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, बायकांचा वर्ग भरायचा. तिथे मी अक्षरं शिकले. तेव्हापासून हजेरीवर अंगठा लावला नाही. रोज सकाळी पूर्ण नाव लिहिते. वेळ लागतो, मागच्या पोरी कुरकुरतात. निरंजनने ते बुक कधी उघडून बघितलं नव्हतं.

"सर," मॅडम हळू म्हणाल्या, "शनिवारी सकाळी यांची सही आहे. चार वर्षं सहीच आहे. आणि राजीनाम्यावर त्याच दिवशीचा अंगठा. ते लोक दोन्ही शेजारी ठेवून बघतात."

"मग पान बदला."

"किती पानं बदलू? चार वर्षांची?"

तो माझ्याकडे वळला. रागावला की त्याची गावची बोली बाहेर येते. "म्हातारे, आमी तुला खायाला घातलं. माझ्या बापानं कामाला घेतली नसती तर कुठं असतीस?"

"तुझ्या बापानं काम दिलं, मी काम केलं. खायाचं मी घरून आणते." मी डबा वर करून दाखवला. समाधानने तोंड फिरवलं, हसू आलं असावं.

साडेदहाला मॅडम एक पत्र छापून घेऊन आल्या. निरंजनने ते गजांतून माझ्या मांडीवर टाकलं. मी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. तो येरझाऱ्या घालत होता.

"ह्येच्यावर आजची तारीख हाय."

"असू दे ना! काम मिळतंय ना तुला?"

"सोळा वर्सं कुठं गेली?"

"उपकार मान, म्हातारे. नाहीतर हा तुकडाही नाही मिळायचा."

"मग मी हितंच बसते. पाहुण्यांना इचारते, राजीनामा कसा वाचायचा."

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला पांढरी गाडी वळताना दिसली. पत्र आत गेलं, बाहेर आलं. आता तारीख बरोबर होती. शिक्का ओला होता. राजीनामा त्याने माझ्यासमोर टराटरा फाडला. मी दुसऱ्या प्रतीवर पूर्ण नाव लिहिलं, एकही काना न गाळता. मग म्हणाले, "आता गोजाबाईचं."

निरंजन पहिल्यांदाच शांतपणे बोलला. "तिच्या राजीनाम्यावर अंगठा आणि हजेरीवर पण अंगठाच आहे. ती फाइल बरोबर आहे. तुला आत जायचं असेल तर जा, नाहीतर दोघी बाहेर."

समाधानने गाडीसाठी फाटक उघडलं. गाडीच्या पुढून मी आत गेले. दिवसभर पॅकिंगच्या टेबलावर माझ्याशी कुणी बोललं नाही. माझं स्टूल कुणीतरी उचलून नेलं होतं.

सुटल्यावर गोजाबाईच्या खोलीवर गेले. ती दारात ज्वारी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं.

"फाटकावर माझं नाव घेतलंस?" तिने विचारलं.

"घेतलं."

"कवा?"

मी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"कवा घेतलंस, कस्तुरे?"

"माझं पत्र हातात आल्यावर."

तिने सूप उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं.